बिसाहूचा पुढचा दात

धमतरीकडच्या लग्नांत मोहरी वाजते. दिसायला ती सनईच्या जवळची. आमच्या गावात ती बिसाहू वाजवतो. तिची पत्ती ओठांत धरायची तर ओठाला मागून दाताचा टेकू लागतो. बिसाहूचा नेमका तोच वरचा दात दोन महिने ठणकत होता. सकाळ-संध्याकाळ तो त्यावर गुडाखू घासायचा. तंबाखूच्या त्या लेपाने हिरडी बधिर व्हायची आणि दात बरा झाला असं तो धरून चालायचा.

चैत्रात ठणका कानापर्यंत गेला, तेव्हा बायको सुकवारो त्याला दातांच्या डॉक्टर चंद्राकरबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी दाताला मागून भोक पाडलं, आतला कुजलेला भाग काढला, औषध ठेवून वर तात्पुरतं सिमेंट भरलं. मुळाची नळी पूर्ण साफ करून कायमची बंद करायला अजून दोन खेपा लागतील, असं बजावलं.

दुसऱ्याच दिवशी ठणका थांबला. अक्ती, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती, लागोपाठ तीन लग्नं ठरली होती. बिसाहूने दुसरी खेप चुकवली. सुकवारो रोज आठवण करून द्यायची.

"दुखतच नाही तर जाऊन काय करू? दात विचकून येऊ?" तो म्हणायचा. गुडाखूही चालूच होता.

तिसऱ्या लग्नात त्याचा ओठ नाकापर्यंत सुजला. वरात दारात असताना त्याने मोहरी खाली ठेवली. उरलेली वरात नुसत्या डफड्यावर गेली.

बाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "भाऊ, नस मेली म्हणून दुखणं थांबलं. कुजणं थांबलं नव्हतं. पू हाडात गेलाय."

"मग काढून टाका."

"काढते. ओठ कशावर टेकवाल?"

"आता दाखवा विचकून," सुकवारो म्हणाली.

बाईंनी पू काढला, नळी पुन्हा धुतली, आठवड्याने परत बोलावलं. हाड भरतंय का ते तीन महिन्यांनी कळणार होतं. तोवर मोहरी तोंडाला लावायची नव्हती. यंदाची लग्नसराई गेली.

पाचव्या दिवशी दारावरून वरात गेली. मोहरी शेजारच्या गावचा कोणी वाजवत होता, दम मध्येच तुटत होता. बिसाहू ओट्यावर बसून ऐकत होता. सवयीने जीभ दाताला लागली. त्याने सुकवारोला विचारलं, बाईंनी परवा बोलावलंय ना. ती हो म्हणाली.

"आजच जाऊ," तो म्हणाला. "अजिबात दुखत नाहीये."