साखरपुड्याआधीचा रिपोर्ट

प्रियदर्शनीला ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, होऊन तीन वर्षं झाली होती. दर तीन महिन्यांनी रिसोडच्या लॅबमध्ये तिचं रक्त घेत. रिपोर्ट भावाच्या, धीरजच्या मोबाईलवर येई आणि तो अकोल्याच्या डॉक्टरांना पाठवी. डॉक्टरांनी त्याला पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "रक्तातलं सी-थ्री प्रथिन खाली आलं आणि डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडी वर गेल्या, की थांबायचं नाही. पोरगी ठणठणीत दिसली तरी लगेच घेऊन यायचं. आधी रक्तात कळतं, मग किडनीत."

या खेपेला रिपोर्ट आला तेव्हा धीरज मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होता. सी-थ्री निम्म्याहून खाली. अँटीबॉडी चौपट.

रविवारी प्रियदर्शनीचा साखरपुडा होता. मुलगा रिठदचा, शिक्षक. आजाराचं त्यांना सांगितलेलं होतं, पण 'आता आटोक्यात आहे' असं. प्रियदर्शनीचे सांधे आता दुखत नव्हते, चेहऱ्यावरचा लाल चट्टा गेला होता. आई आवडाबाईबरोबर ती बांगड्या भरायला निघाली होती.

"रिपोर्ट आला काय रे?" तिनं बांधावरून विचारलं.

"आला. बरा आहे."

साखरपुडा झाला की अकोल्याला नेऊ, असं त्यानं ठरवलं आणि रिपोर्ट डॉक्टरांना पाठवला नाही. पण मग पाहुणे राहिले, मग वांग्याचा तोडा आला. रोज तो तिच्याकडे निरखून पाही. ती हसतखेळत असे. रिपोर्ट आल्यापासून बाविसाव्या दिवशी सकाळी तिच्या पायात चप्पल जाईना. डोळ्यांखाली सूज होती, लघवीला फेस येत होता.

अकोल्यात बायोप्सी झाली. औषधं शिरेतून दिली, तरी किडन्या सावरल्या नाहीत. "लवकर आला असता तर वाव होता," डॉक्टर म्हणाले आणि फाईलमधल्या रिपोर्टच्या तारखेवर त्यांचं बोट थांबलं. प्रियदर्शनीनं ते पाहिलं.

महिन्याभरात रिठदहून निरोप आला. लग्न मोडलं.

आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. धीरजच तिला मोटरसायकलवर वाशिमला नेतो. एकदा मशीन सुरू झाल्यावर तिनं विचारलं, "तुले मालूम होतं ना?"

"हो."

"साखरपुड्याच्या आधी?"

"हो. तू मस्त दिसून राह्यली होती, प्रिया. मले वाटलं, चार दिवसानं काय होते. आज घरी गेलो की माय-बाबाले सांगतो मी. मले नाही राहवत आता."

"नको सांगू."

"काहून?"

"ते रडतीन, अन् तुले माफ करून टाकतीन. मंग मलेबी करा लागन."

तिनं मान भिंतीकडे वळवली. अजून तीन तास होते. धीरज स्टुलावर बसून राहिला. नर्स रक्तदाब घ्यायला आली, तेव्हा तो उठून बाजूला झाला.