ब्लॉकवरचा हिरा

लुरीनने रॉकेलचा बोळा उतरवलेल्या इंजिनच्या ब्लॉकच्या कडेवर दाबून फिरवला आणि कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. काजळीखालून पत्त्यातल्या चौकटीसारखी नखाएवढी खूण उघडी पडली.

"तो हिरा," तिचा मुलगा डेल ऐटीत म्हणाला. "निवडक इंजिनांवरच मारायचे. बाबा येईल-जाईल त्याला दाखवायचे."

लुरीनला हसू फुटलं, ते आवरेचना.

गाडी सत्तर सालची, लुरीनच्या नवऱ्याने, हार्लनने, लग्नाच्या वर्षी घेतलेली. तो वारला आणि गाडी डेलकडे आली. दोन वर्षांपूर्वी डेलने हौसेने इंजिनच्या झडपा उचलणारे सोळाच्या सोळा टॅपेट नवे बसवून घेतले, तिथून इंजिनात टकटक सुरू झाली आणि गरम झालं की तेलाचा दाब पडायला लागला. डेट्रॉइटच्या आसपासच्या तीन मेकॅनिकांनी ते उघडून मिटवलं. शेवटी डेलने हात टेकले. सोमवारी तयार नवं इंजिन येणार होतं आणि हे भंगारात जाणार होतं. आईने फक्त दोन आठवडे मागून घेतले होते. "तेवढाच तिचा वेळ जातो," असं तो शेजाऱ्यांना सांगे.

"हसतेस काय?"

"अरे वेड्या, ही चूक झाल्याची खूण आहे. टॅपेटचं भोक मोठं पडलं, तर ब्लॉक टाकून द्यायचा नाही. तिथे जाड टॅपेट घालायचा आणि पुढच्याला कळावं म्हणून हिरा मारायचा. कारखान्यात दुसऱ्या पाळीला तो मीच मारत होते."

"आणि बाबांना माहीत नव्हतं?"

"तो रंगखात्यातला. गाडी आणली त्याच संध्याकाळी अख्ख्या गल्लीला हिरा दाखवून आला. मग मला काही सांगवेना."

डेलने हातातला पाना खाली ठेवला. पहिल्या मेकॅनिकच्या वेळी आई दारात उभी राहून म्हणाली होती, भोकं मोजून बघा. आपणच तिला म्हणालो होतो, "आई, तू आत जा, कपड्यांना ग्रीस लागेल." त्याला मनापासून लाज वाटली.

सोळा भोकं त्याने मोजली. तिने ती सगळी पुन्हा मोजली.

"माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे ना. म्हणून तर दोनदाच मोजतेय."

दोन भोकं मोठी निघाली; नवे नेहमीच्या मापाचे टॅपेट तिथे सैल बसले होते. ओहायोतल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे जाड टॅपेट शिल्लक होते. ते आले आणि शनिवारी दुपारी इंजिन गाडीत बसलं.

खरी परीक्षा पुढेच होती. असं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की वीस मिनिटं चढ्या वेगातच ठेवावं लागतं. मध्येच मंदावलं तर टॅपेट हलवणारा आतला दांडा खरवडून निघतो आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. डेलने किल्ली फिरवली. लुरीन बॉनेटखाली वाकून वेग हाताने धरून उभी राहिली. शहात्तराव्या वर्षी कंबर बोलत होती, पण हात हलला नाही.

बाराव्या मिनिटाला टकटक ऐकू आली.

"आई, बंद करतो!"

"किल्लीला हात लावलास तर बघ! आवाज कुठून येतोय ते आधी ऐक."

डेलने कान दिला. मग वळून फळीवर थरथरणारा पान्यांचा डबा उचलून खाली ठेवला. टकटक थांबली. लुरीनने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

वीस मिनिटांनी तिने हळूच हात सोडला. इंजिन तापलं होतं आणि तेलाच्या दाबाचा काटा तरी खाली येत नव्हता. डेलने तो तीनदा वाकून पाहिला. मग बाहेर अंगणात जाऊन नव्या इंजिनवाल्याला फोन लावला.

"सोमवारचं रद्द करा. आमचं जुनंच चाललं."

पलीकडच्याने काहीतरी विचारलं.

"नाही, गॅरेज नाही. लुरीन प्रुइट. लु-री-न." त्याने नाव सावकाश सांगितलं. "हो, बाई. माझी आई."

पुन्हा थोडं ऐकून त्याने फोन छातीशी धरला आणि दारातून हाक मारली.

"आई, त्याच्या स्वतःच्या गाडीतही अशीच टकटक आहे. तुला वेळ आहे का, विचारतोय."

लुरीन बोटांचं ग्रीस पुसत होती. तिने बोळा बाकावर ठेवला आणि कंबर सरळ केली.

"सोमवारी घेऊन ये म्हणावं. आणि मधे बोलायचं नाही."