अर्धं कासव

सोमवारी जहाजातून उतरल्यावर तासाभरातच मिस लेइसालेनं मला सुनावलं, "रोनेथ, जॉयलिननं तोंड उघडायच्या आत तुमची तीन वाक्यं होतात."

माझं डोकंच फिरलं. लेक साडेचार वर्षांची, ऐकू चांगलं येतं, पण तोंडातून शब्द नाही, आणि खापर माझ्या जिभेवर! पण मुलांच्या बोलण्यावर काम करणारी ही बाई राजधानीहून, पोर्ट व्हिलाहून, आमच्या अंब्रिम बेटावर वर्षातून एकदाच येते. मी राग गिळला.

तिनं कागद आणि रंगीत खडू दिले. "दोघी मिळून चित्र काढा. 'हे काय, ते काय' विचारू नका. मध्येच हात थांबवा आणि मनात दहा मोजा. तिला बोलायला वेळ द्या." मग आवाज उतरवून म्हणाली, "शुक्रवारी मी परत जाते. तोवर एकही शब्द आला नाही, तर तिला माझ्याबरोबर पाठवा. तिकडे रोज उपचार होतील."

म्हणजे पोर व्हिलाला नणंदेकडे, आणि मी इथे. धाकटं अंगावर पितंय, मळा सोडून मी कुठे जाणार?

मंगळवारी मासा काढला, हात थांबवला. एक, दोन, तीन... "मासा ना गं? निळा करूया का?" झालं! जॉयलिननं मान हलवली आणि मुकाट्यानं निळा खडू घेतला. बुधवारी कशीबशी पाचपर्यंत पोचले. विली, माझा नवरा, हसत म्हणाला, "अगं, तू पाद्रीबाबांनाही प्रवचन पुरं करू देत नाहीस. ती तर पोर आहे." मी त्याच्यावर सुरणाचं साल भिरकावलं. गुरुवारी धाकट्यानं खडू चावून थुंकले. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. जॉयलिनच्या कपड्यांची घडी घालायची, मोडायची, परत घालायची.

शुक्रवारी जहाज लागलं. लेइसाले पेटी घेऊन किनाऱ्यावर आली, तिला जहाजापर्यंत न्यायला होडीवाला वल्हं धरून उभा राहिला. कागद संपले होते, खडू उरले नव्हते. मी काळ्या वाळूवरच बसले, आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि कासव काढायला लागले. आमच्याकडे असंच काढतात, एका बोटानं, बोट न उचलता. आणि काढणारा काढता काढता त्याची गोष्ट सांगतो.

मी मात्र ओठ घट्ट मिटले. पाठ झाली, तीन पाय झाले. चौथ्याशी बोट थांबवलं.

जवळच जाळं सांधत बसलेले आपू बोंग, गावाचे आजोबा, ओरडले, "पोरी, थांबलीस का? कासव अर्धं टाकतात होय? आणि गोष्ट कुठाय? मुक्यानं कसलं चित्र काढतेस?"

"आपू, जरा गप्प राहा," लेइसाले म्हणाली.

सात, आठ, नऊ, दहा. जॉयलिन वाळूकडे बघत होती, मग माझ्या तोंडाकडे. काही नाही. होडीवाल्यानं घसा खाकरला. बारा, तेरा. कासव, पाय, समुद्र, सगळं जिभेवर येऊन उभं होतं. एक शब्द बोलले असते तर माझा जीव मोकळा झाला असता, पण पोर गेली असती. मी जीभ दातांखाली धरली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी बोट हलवलं नाही.

जॉयलिन उठली. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि आपल्या वाळूनं भरलेल्या हातांनी माझे ओठ उघडायला लागली. मी उघडले नाहीत. तिचा चेहरा रडवेला झाला.

"आई," ती म्हणाली. आवाज जाडा, घोगरा होता, कुणा दुसऱ्याच मुलीचा वाटावा असा. "आई, बोल."

आपूंच्या हातातलं जाळं गळून पडलं. लेइसाले हळूच म्हणाली, "बोला ना आता!"

बोलू काय? मला एक शब्द सुचेना.

"बोल!" जॉयलिननं माझं बोट धरून वाळूत रेटलं. या वेळी ती चिडली होती.

लेइसालेनं पेटी उचलली आणि होडीवाल्याला हाक मारली, "चल, मी एकटीच येतेय."