सलग बारावं वर्ष

शाळेनं पालकाला चहा पाजला की पालकानं घाबरावं. फी थकली तर शाळा शिपायाच्या हाती निरोप धाडते, पोरानं मारामारी केली तर आईबापाला व्हरांड्यात उभं करते. बशीत बिस्किटं मांडून बोलावते ती वेगळ्याच कामाला.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत रंगाचं दुकान चालवणारा सोमशेखर आणि त्याची बायको महादेवी यांना २००४ साली असा चहा मिळाला. कारण एवढंच की महादेवीनं शाळेकडे काहीतरी मागितलं होतं. त्या शाळेत पालक म्हणून हात जोडायची पद्धत होती, मागायची नव्हती.

त्यांची मुलगी भूमिका नववीत होती. एकदा कानावर पडलेलं ती विसरत नसे, पण छापलेलं वाचायला बसली की घामाघूम. "अव्वा, अक्षरं जाग्यावर थांबत न्हाईत," आईला म्हणायची. तीन तासांच्या पेपरात दोन प्रश्न लिहून व्हायचे, दोन्ही बरोबर. महादेवीची बहीण मुंबईत शिक्षिका होती. तिनं सांगितलं, अशा मुलांना बोर्ड दहावीला जादा वेळ देतं, लेखनिकही देतं. फक्त आधी रीतसर तपासणी व्हायला हवी.

"उत्तम केलंत वहिनी," मुख्याध्यापक सरनोबत सर म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ होता की ऐकणाऱ्याला आपण आजारी असल्यासारखं वाटे. "तपासणी शाळाच करून घेईल. आमचे पुण्याचे तज्ज्ञ येतात. पालकांनी आत बसायचं नसतं, अहवाल शाळेकडेच राहतो. मुलांच्या हिताचं असतं. सोमशेखरराव, इथं सही."

सोमशेखरनं सही केली.

"वाचलं तरी का तुम्ही?" महादेवीनं बाहेर आल्यावर विचारलं.

"सरांच्या म्होरं बसून काय वाचायचं? त्यास्नी काय वाटंल?"

फाटकावर पाटी होती : 'शंभर टक्के निकाल, सलग अकरावे वर्ष'. पुढच्या वर्षीच्या पाटीसाठीचा लाल रंग शाळेनं सोमशेखरच्याच दुकानातून आताच नेला होता. परीक्षा मार्चमध्ये, पाटीचा रंग आदल्या ऑगस्टमध्ये. इतकं अचूक भविष्य पंचांगालाही जमत नाही.

चार दिवसांनी कबनूरचा बाळासो रंग न्यायला आला. त्याचे यंत्रमाग होते, आणि त्याचा मुलगा राजवीर गेल्या वर्षीपर्यंत याच शाळेत होता.

"काय अण्णा, त्वांड का पाडलंयसा?"

सोमशेखरनं सांगितलं.

"आरं तिच्या! आमच्या राजवीरचीबी झालती की तपासणी. शेळीचा उतारा दिलता वाचाय. त्यो अडकला. सर म्हणलं, पोराला झेपत न्हाई, दाखला न्या. म्या म्हणलं, सर म्हणत्यात म्हंजे खरंच असंल."

"मग आता?"

"मागावर बसतोय की. कापाड झ्याक काढतोय." बाळासोनं डब्याचं झाकण उगाच दाबून पाहिलं. "बोलत तेवढा न्हाई कुणासंगं."

"अजिबात?"

"मागाच्या आवाजात कशाला बोलायचं, अण्णा? त्यो उतारा हाय बगा माझ्याकडं, शिपायाकडनं झेरॉक्स घेटला हुता. घोकून घेटला पोराकडनं, पर उशीर झालता."

कोल्हापुरात परीक्षा कसलीही असो, बाप तिला क्लास लावतो. ही परीक्षा नापास झाल्यावरच पोरीच्या उपयोगाची, हे सोमशेखरला कोण सांगणार? महादेवी कोडोलीला माहेरी गेली होती. त्यानं बाळासोकडून आणलेला शेळीचा उतारा भूमिकाला तीनदा वाचून दाखवला. चौथ्यांदा तिनं त्याला म्हणून दाखवला, शेवटच्या ओळीसकट.

तपासणी झाली. पुन्हा बोलावणं आलं. या वेळी चहाबरोबर बर्फी होती.

"अभिनंदन," सरनोबत सर म्हणाले. "वाचन उत्तम. अडचण काही नाही, अभ्यासाचा कंटाळा आहे. तेव्हा जादा वेळ नाही, लेखनिक नाही. आणि त्याशिवाय ती दहावी पास व्हायची नाही, हे तुम्हीही जाणता. आत्ताच दाखला न्या. वर्तणूक चांगली म्हणून लिहू. इथं सही."

सोमशेखरनं हातातली बर्फी परत बशीत ठेवली. "सर, चुकलं माजं! त्यो उतारा म्या पाठ करून घेटला. पोरीला वाचाय येत न्हाई, सर. पुन्यांदा घ्या तपासणी."

महादेवी नवऱ्याकडे बघतच राहिली.

"मला माहीत आहे," सर म्हणाले.

"काय?"

"आमच्या कागदावर या वेळी शेवटची ओळ नव्हती. झेरॉक्समध्ये कापली गेली. भूमिकानं तीही वाचली. छान वाचली, तज्ज्ञ म्हणाले."



"म्हणजे ती वाचत नव्हती, हे तुम्हाला कळलं होतं," महादेवी म्हणाली. "तरी वाचन उत्तम लिहिलंत?"

"जे ऐकू आलं ते लिहिलं, वहिनी. आता तुम्ही म्हणता म्हणून लिहायचं, तर फसवणूक झाली असंही लिहावं लागेल. मुलीच्या नावावर. मला ते आवडणार नाही."

त्यांना ते खरोखरच आवडणार नव्हतं, असा त्यांचा चेहरा होता. भीती वाटत होती ती त्याचीच.

"मला अहवालाची प्रत पाहिजे. मी तिला मुंबईला दाखवते. तपासणीला मी शेजारी बसणार."

"अहवाल शाळेच्या मालकीचा असतो."

"आणि पोरगी?"

सरांनी दाखल्याच्या अर्जावरची टाचणी सरळ केली आणि तो सोमशेखरकडे सरकवला. सोमशेखरच्या हातात पेन आलंच होतं. मोठी माणसं कागद पुढे करतात तेव्हा त्याच्या हातात ते आपोआप येई.

"अहो," महादेवी हळू म्हणाली, "बाळासोचा राजवीर आता कुणाशी बोलत नाही, असं तुम्हीच सांगितलंत ना मला?"

सोमशेखरनं पेन खिशाला लावलं. दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा लागलं. "न्हाई जमायचं, सर. प्रत द्या. नसंल द्यायची तर न्हाई देत म्हणून ल्हिऊन द्या."

"काहीच लिहायला नको," सरनोबत सर हसून म्हणाले. "सही नको तर नको. आमची कुणावर जबरदस्ती नसते. या तुम्ही." त्यांनी स्वतः उठून दार उघडून धरलं.

दुसऱ्या दिवशी महादेवी मुंबईच्या गाडीचं तिकीट काढायला गेली आणि भूमिका शाळेला. बाईंनी हजेरी सुरू केली. भूमिकाच्या आधीचं नाव झालं, मग थेट तिच्या नंतरचं. पोरींनी वळून पाहिलं. भूमिका उभी राहिली.

"हजर, बाई."

बाईंनी मान वर केली नाही. बोट एक ओळ खाली सरकलं आणि त्यांनी पुढचं नाव वाचलं.

"हजर, बाई," भूमिका पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. खाली मात्र बसली नाही.