निरीक्षक साहेबांचा वॉल्ट्झ

“पुन्हा ओढलंस,” निरीक्षक साहेब थांबून म्हणाले. “मी पुढे निघालो की तू मागे ओढतेस. मी काय हातगाडी आहे?”

 बायकोने कपाळावरचे केस मागे सारले आणि पुन्हा आपला हात त्यांच्या हातात दिला. पुढच्या खोलीतलं टेबल भिंतीला लावलेलं होतं, खुर्च्या एकमेकींवर चढवलेल्या होत्या, आणि मधल्या मोकळ्या फरशीवर हे दोघं रोज संध्याकाळी वॉल्ट्झ हा जोडीचा नाच घोटत. कपाटावर ठेवलेल्या फोनमधून त्यांच्या नाचाच्या मास्तरांचा आवाज येत होता. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. गाणं नव्हतं. गाणं लावलं की खालच्या मजल्यावरचे आजोबा छताला काठी ठोकत. म्हणून साहेबांनी फार वर्षांपूर्वी मास्तरांना नुसते आकडे म्हणायला लावून ते फोनमध्ये भरून घेतले होते. आता तर त्यांना गाण्याची गरजच वाटेनाशी झाली होती.

“एकदा तरी गाणं लावून करू या ना,” बायको म्हणाली. “आजोबा लेकीकडे गेलेत.”

“आकडे बरोबर असले की गाणं आपोआप बसतं.”

“अहो पण पार्टीत बँड आहे. जिवंत माणसं वाजवणार. ती थोडीच आकडे मोजत बसणार आहेत?”

“मग त्यांनी मोजावेत,” साहेब म्हणाले. “खांदा खाली घे.”

साहेब वजनमापे खात्यात होते. बाजारात जायचं, दुकानदाराच्या काट्यावर आपलं पितळी वजन ठेवायचं, काटा जरा जरी हलला की भुवई वर करायची, असा त्यांचा उभा जन्म गेला. दुकानदार त्यांना चहा विचारत, ते घेत नसत, आणि आपण चहा घेत नाही हे चार जणांना सांगत. या धंद्यामुळे म्हणा किंवा मुळातच म्हणा, माणूस दिसला की तो कुठे कमी भरतो हे त्यांना आधी दिसे. वरिष्ठ अडाणी, शेजारी आगाऊ, सुनेचा भाऊ बावळट. स्वतःबद्दल मात्र त्यांची तक्रार नव्हती.

सगळ्यात जास्त तिटकारा होता तो एकट्याने नाचणाऱ्यांचा. मास्तरांच्या वर्गात पाऊल ठेवल्यापासून, म्हणजे गेली दहा-बारा वर्षं, लग्नात, वाढदिवसाला, कुठेही चार माणसं उठून नाचू लागली की साहेब खुर्ची मागे सरकवत आणि बायकोच्या कानाशी लागत. “बघ. याला म्हणतात हातपाय झाडणं. मुंग्या चढल्यावर करतात ते.” आणि या मुंग्या चढलेल्यांचा मुकुटमणी म्हणजे त्यांचा मेहुणा. बायकोचा हा धाकटा भाऊ बसडेपोत मेकॅनिक होता. पोट सुटलेलं, एक गुडघा दुखरा, नखांत कायमचं काळं ऑइल. नाच कधी शिकला नाही, शिकतात हेसुद्धा त्याला बरेच दिवस ठाऊक नव्हतं. पण कुठे काही वाजलं की हा उठलाच. लाज म्हणून नाही.

या मेहुण्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पार्टी होती, आणि तिथे साहेब आपला वॉल्ट्झ सादर करणार होते. मेहुण्याच्या प्रेमापोटी नव्हे. मास्तर आता थकले होते, मुलाकडे राहायला जाणार होते आणि आपला वर्ग वर्गातल्याच एखाद्या जोडीच्या हाती देऊन जाणार होते. साहेबांची निवृत्ती तोंडावर आली होती. निवृत्तीनंतर आपल्यापुढे कुणीही काटा घेऊन उभं राहणार नाही, आपली भुवई वर गेली काय नि खाली आली काय, कुणाचं काही अडणार नाही, या विचाराने त्यांची झोप उडाली होती. वर्ग मिळाला तर निदान वीसपंचवीस माणसं रोज चुकतील आणि आपण सांगू. तो वर्ग त्यांना हवा होता, अगदी जीव टाकून हवा होता. म्हणून त्यांनी मेहुण्याला न विचारता मास्तरांना पार्टीचं आमंत्रण देऊन टाकलं होतं.

पार्टीच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या साहेबांनी फरशी बुटाने घासून पाहिली आणि नाक मुरडलं. कोपऱ्यात बँड बसला होता. एक क्लॅरिनेटवाला, एक ढोलकी-ड्रमवाला, पेटीवर एक म्हातारे गृहस्थ, आणि एक गायिका. ती सारखी गरम पाणी पीत होती.

“या भावोजी, या!” मेहुण्याने त्यांना जवळजवळ मिठीच मारली. “ताई, किती वाळलीस गं! भावोजी, आज तुम्ही दोघं नाचणार म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलंय मी. शिकलेला नाच बघायला मिळणार आज आम्हाला. आमचं काय, आमचं आपलं उगाच.”

“ते खरंच आहे,” साहेब म्हणाले.

बँड सुरू झाला आणि मेहुणा हॉलच्या मध्यावर गेला. एकटाच. साहेबांनी शेजारी बसलेल्या मास्तरांकडे सहानुभूतीने पाहिलं, जणू काही त्यांची नजर विटाळल्याबद्दल माफी मागत होते. मेहुण्याचे पाय कुठेही पडत होते. कोपर वाकडं, पाठीला पोक, तोंड उघडं. पण क्लॅरिनेट वर चढली की त्याचा एक खांदा तिच्यासोबत वर जाई, आणि ड्रमवाल्याने मधेच हात रोखला की हाही जागच्या जागी थबके, पोटासकट. मग ड्रमवाला मुद्दाम त्याला फसवायला बघू लागला. फसला नाही. दोघं एकमेकांकडे बघून हसत होते आणि भोवतालची माणसं टाळ्या वाजवत खुर्च्या सोडत होती.

“पायाचा पत्ता नाही,” साहेब म्हणाले.

“हं,” मास्तर म्हणाले. त्यांचं बोट गुडघ्यावर वाजत होतं.

साहेबांची बायको भावाकडे बघत होती. तिची मान ठेक्यावर हलत होती, हे साहेबांना आवडलं नाही.

मग गायिकेने त्यांच्या जोडीचं नाव पुकारलं. हॉल मोकळा झाला. साहेबांनी कोटाचं बटण लावलं आणि बायकोला बाजूला घेतलं.

“हे बघ, मास्तर बघतायत. आज ओढायचं नाही. तो माझ्या खांद्यावरचा हात आहे ना, त्याने तू सारखी दाबतेस. आज नुसता ठेवायचा.”

“नुसता ठेवू?”

“नुसता. मी नेईन तशी यायचं. नेणारा एकच असतो.”

बायकोने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. इतक्या वर्षांत तिने काही सांगायला तोंड उघडलं नव्हतं असं नाही, पण उघडलं की आपला खांदा वर होता किंवा मान पडली होती, असंच तिला ऐकावं लागे. “बरं,” ती म्हणाली.

बँडने सुरुवात लांबवली. म्हातारे गृहस्थ पेटीवर रमले, गायिकेने पहिली ओळ सावकाश, जणू हातात घेऊन पुन्हा खाली ठेवल्यासारखी म्हटली. साहेबांच्या डोक्यात मास्तरांचा फोनमधला आवाज सुरू झाला होता. एक-दोन-तीन. ते निघाले.

आणि काय सांगावं, बायको त्या दिवशी कापसासारखी हलकी झाली होती. कुठे ओढ नाही, कुठे भार नाही. वळवलं की वळत होती, थांबवलं की थांबत होती. इतक्या वर्षांनी हिला कळलं एकदाचं, असं साहेबांच्या मनात आलं, आणि त्यांची छाती भरून आली. गिरक्या स्वच्छ पडत होत्या. पाठ ताठ होती. जोडीच्या नाचात एकमेकांकडे बघायचं नसतं, समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायचं असतं. त्यामुळे पलीकडची माणसं त्यांना फिरता फिरता दिसत होती. एक बाई ठेक्यावर टाळ्या वाजवत होती, ती गोंधळून थांबली. ड्रमवाला त्यांच्या पायांकडे बघत होता आणि त्यांना कुठेतरी गाठायला धडपडत होता. मेहुण्याने तर चेहरा असा केला होता की जणू गिअर अडकलेली बस बघतोय. जळतायत, साहेबांना वाटलं.

शेवटची गिरकी झाली. बायको बाजूला उलगडली, साहेबांनी डावा हात लांब केला, हनुवटी उचलली आणि दोघं चित्रासारखे उभे राहिले.

गाणं चालूच होतं.

गायिका दुसऱ्या कडव्याला नुकती लागली होती. तिने यांना बघून म्हाताऱ्या गृहस्थांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवून गात राहा म्हणून सांगितलं. दोनचार टाळ्या पडल्या आणि लाजल्यासारख्या विझल्या. मागून कुणीतरी हसलं. साहेब हात लांब करून उभे होते. खाली घ्यावा तर नाच संपला असं होईल, न घ्यावा तर गाणं संपायची लक्षणं नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं काढलेल्या या माणसाचा चेहरा मोजायला त्या वेळी कुणी गेलं नाही हे बरं झालं.

“थोडं पुढे गेलो आपण,” बायको हळूच म्हणाली.

“बँड मागे राहिला,” साहेब दातांतून म्हणाले.

तेवढ्यात मेहुणा धावून आला. “चला रे, सगळे या! गाणं चांगलंय, वाया घालवू नका!” त्याने आपल्या बायकोला ओढलं, लेकीला ओढलं, शेजाऱ्यांना ओढलं. भावोजींची लाज झाकायलाच त्याने ते केलं होतं, आणि साहेबांना ते समजलं, म्हणून त्यांना त्याचा आणखीनच राग आला. ते तरातरा मास्तरांपाशी येऊन बसले. बायको आपल्यामागून येतेय असं ते धरूनच चालले होते.

“बँड भिकार आहे,” ते म्हणाले.

“बँड ठीक आहे, साहेब.”

“आमच्या पायात तरी चूक नव्हती ना?”

“पायात नव्हती,” मास्तर म्हणाले. मग जरा वेळाने त्यांनी विचारलं, “वहिनींनी आज हात सैल का सोडला?”

“म्हणजे?”

“वर्गात तुम्ही पुढे पळालात की त्या खांद्यावर दाबून तुम्हाला गाण्यावर आणायच्या. मी रोज बघायचो. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. त्या तसं आणतात म्हणून तर वर्ग तुमच्या जोडीला द्यायचं मनात होतं.”

“होतं?” साहेबांनी विचारलं.

मास्तर नाचणाऱ्यांकडे बघू लागले. उत्तर द्यायला ते फार सज्जन होते.

साहेबांनी बायकोला शोधलं. ती शेजारी नव्हती. ती मधेच होती, गर्दीत, आणि तिला कुणी धरलं नव्हतं. खांदा वर होता. मान पडलेली होती. पाऊल शिकवलेलं एकही नव्हतं. गायिका एखाद्या शब्दावर रेंगाळली की तीही रेंगाळत होती, उशीर होईल याची पर्वा न करता, आणि मग ड्रमच्या ठोक्यावर इतकी नेमकी उतरत होती की समोर नाचणारा भाऊ प्रत्येक वेळी “वा ताई!” म्हणत होता. चष्म्यामागे तिचे डोळे मिटलेले होते. ती हसत होती. इतकी वर्षं साहेब तिच्यासोबत नाचले होते, पण तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत. ती नाचताना कशी दिसते, हे त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं.

“बेसिकच चुकतंय,” ते म्हणाले. मास्तरांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं नाही असं दाखवलं.

गाणं संपलं आणि दुसरं लागलं. साहेब उठले. कोट खाली ओढला, गर्दीच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि ती नाचत नाचत कडेशी आली तेव्हा वर्गात शिकवतात तसा कमरेत किंचित वाकून त्यांनी उजवा हात, तळवा वर करून, तिच्यासमोर धरला. असं विनवून नाचायला बोलवायची पाळी त्यांच्यावर याआधी कधी आली नव्हती.

तिने डोळे उघडले. ती धापा टाकत होती, चष्म्यावर वाफ धरली होती. तिने त्यांचा हात पाहिला.

“बरं झालं आलात,” ती म्हणाली. “धरा जरा.” तिने चष्मा काढून त्यांच्या तळव्यावर ठेवला आणि पाठ फिरवून पुन्हा गर्दीत गेली.

चष्मा तिच्या घामाने ओला आणि ऊन होता. साहेबांनी खिशातून रुमाल काढला, पण पुसला नाही. काचांना बोट लागू नये म्हणून त्यांनी तो कडांनी धरला आणि नाचणाऱ्यांचे धक्के लागत होते तरी ते तिथेच उभे राहिले.