दासी गप्प का राहिली

त्या दासीचा मला इतका राग आला होता म्हणून सांगू! छत्तीस साल होतं. कामशेतहून सकाळच्या गाडीनं पुण्याच्या कॉलेजात जायचो, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचो. प्रोफेसरांनी एक विलायती शोकांतिका शिकवून तिच्यातल्या माणसांच्या स्वभावांवर निबंध लिहायला सांगितला होता. एक शूर सेनापती, त्याची साधीभोळी बायको आणि सेनापतीचे कान भरणारा एक पाजी अंमलदार. सेनापतीनं बायकोला दिलेला रुमाल तिच्या हातून पडतो. तो तिच्या दासीला सापडतो. दासी म्हणजे त्या पाज्याचीच बायको. ती रुमाल नवऱ्याला देते, तो पाजी तो परक्या पुरुषाच्या खोलीत टाकून सेनापतीला बायकोचा संशय घ्यायला लावतो, आणि त्यावरून घर पेटलेलं दिसत असूनही दासी वेळेवर तोंड उघडत नाही. सेनापती बायकोचा जीव घेतो.

हे सगळं मी चुलीपुढं बसून घरच्यांना मराठीत सांगायचो. आई भाकरी थापता थापता त्या दासीवर उखडायची. "आगं बोल की मेले! मिठाची गुळणी धरलीस व्हय?"

माझी धाकटी बहीण हसिना एवढंच म्हणाली, "भाई, नवऱ्यानं त्या बायकोला एकदा तरी नीट विचारलं का रे?"

"तू गप बस. तुला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो. कॉलेजात जात होतो ना, शिंगं फुटली होती!

अब्बांना मात्र माझी पुस्तकं डोळ्यांसमोर नको असत. त्यांचं तांदळाचं दुकान. दसऱ्याच्या सुमारास मला तासभर दुकानात बसवलं, मी पुस्तकात डोकं घातलं आणि शेळ्यांनी आंबेमोहोराचं पोतं फाडून निम्मं फस्त केलं. अब्बांनी हात उगारला नाही. म्हणाले, "आता आनखी एक येंधळेपना कर, की कॉलेज बंद. गुमान गादीवर बसायचं." चाँदभाईंचा शब्द म्हणजे शब्द, हे अख्ख्या कामशेतला माहीत होतं.

मग ईद आली. आमच्याकडं शिजवलेलं शेजारच्या दत्तोबाकाकांकडं चालत नसे, म्हणून दर ईदेला त्यांच्याकडं कोरडा शिधा जायचा. शेवया, साखर, खारका, खोबरं. ताट रिकामं परत करायचं नाही ही रीत, त्यामुळं त्यांच्या घरी देण्याजोगं काही निघेपर्यंत ताट आणि वरचं झाकण दोन्ही तिकडंच राहायचं. आईनं सांगितलं, "पेटीतलं एखादं जुनेर घे आन् झाकून ने." माझं चित्त निबंधात. पेटीत हात घातला, जे आलं ते ताटावर टाकलं आणि देऊन आलो.

ते जुनेर नव्हतं. हसिनाचा साखरपुडा वलवणच्या अल्लाबक्षचाचांच्या मुलाशी झाला होता, तेव्हा होणाऱ्या सासूनं स्वतः वेलबुट्टी भरून दिलेला हिरवा रेशमी रुमाल होता तो. माझ्या हे ध्यानात आलं बाजाराच्या दिवशी. दत्तोबाकाकांचा बजरंग तोच रुमाल डोक्याला बांधून ऐटीत चालला होता. झाकण म्हणून कोणी नवं रेशीम देतं का? त्यांना वाटलं, यंदा सणाची भेट आली. त्यांची काय चूक!

बजरंगच्या मागून दहा पावलांवर अल्लाबक्षचाचा येत होते. त्यांनी बघितलं. दुकानात आले, चहाला हात लावला नाही, आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला. जुम्म्याला येतो, पोरीला दिलेला रुमाल दाखवा. नसेल तर सोयरीक मोडली समजा.

पेटी तीनदा उपसली. रुमाल असेल कुठला! आईनं हसिनाला खोदखोदून विचारलं. ती म्हणे, "माज्याकडं न्हाई." त्यापलीकडं एक अक्षर नाही. अब्बा दत्तोबाकाकांना जाऊन विचारू शकले असते, पण विचारायचं काय? माझ्या लेकीचा रुमाल तुमच्या पोराच्या डोक्यावर कसा? तोंडातून निघालं की गावभर झालं. त्यांनी हसिनाशी बोलणंच टाकलं. तिनं वाढलेलं ताट बाजूला सारायचे.

आणि मी? मी रोज सकाळी गाडी पकडत होतो. एका वाक्याचं काम होतं, पण ते बोललो की कॉलेज बंद. उद्या सांगू, परवा सांगू, तोवर बजरंगकडून गुपचूप परत आणू, असं करत सहा दिवस काढले. बजरंगसमोर दोनदा उभा राहिलो आणि दोनदा गाड्यांच्या वेळा बोलून परतलो. लाज वाटते आज सांगताना.

जुम्म्याला मी घरीच राहिलो. दुपारी अल्लाबक्षचाचा दोन वडीलधाऱ्यांना घेऊन दुकानात बसले होते. मी आत निबंध पक्का लिहून काढत होतो. दासीवर दोन पानं भरली होती : ही बाई दुष्ट नाही, दुष्टाहून वाईट आहे, हिला सगळं ठाऊक आहे आणि स्वतःची कातडी वाचवायला ही गप्प आहे. शेवटच्या शब्दावर टाक टेकला तो उचलेना. शाईचा डाग पसरत गेला. कोणाबद्दल लिहितोय मी हे?

तसाच उठलो, दुकानात गेलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

माणूस पाठवला. दत्तोबाकाका स्वतःच आले. धुऊन घडी घातलेला रुमाल, आणि ताटात वाटाण्याच्या शेंगा. "आवं, सनाचं देनं समजलो आमी! पोरगं मिरवलं की वो आठ दिस." अल्लाबक्षचाचा खाली मान घालून म्हणाले, "चाँदभाई, माझंच चुकलं. आधी विचारायला पायजे हुतं." चहा आला. अब्बांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नुसते म्हणाले, "उद्यापासनं हितं बसायचं."

मी आत गेलो. हसिना तांदूळ निवडत होती. तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "हसिना, माफ कर. तो रुमाल मी..."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "तू ताट झाकलंस तवा मी दारातच हुते. बाहेर पडलास तवा दिसलं, कुठला रुमाल त्यो. म्हनलं, ताटाबरोबर येईल माघारी."

"मग बोलली का नाहीस? सहा दिवस सगळ्यांचं ऐकून घेतलंस!"

"तुजं कॉलेज गेलं असतं."

"आणि तुझं लग्न मोडलं असतं तर?"

ती खडे बाजूला काढत राहिली. "तीन दिस वाटत हुतं, भाई सांगंल. आज सांगंल, उद्या सांगंल. गाडीवरनं आलास की मी दारात येऊन बगायची." मग तिनं वर पाहिलं. "चवथ्या दिसापासनं दारात यायचं सोडलं."

बाहेर अब्बा मला हाक मारत होते. मी तिच्या तांदळातले खडे वेचायला लागलो.