तहसीननं मला झोपायला शिकवलं

मित्रांनो, चकचकीत नवे प्रिंटर तुम्ही पाहिले असतील. मी त्यांच्यातला नव्हे. मी पिवळट पडलेला, झाकणाला तडा गेलेला जुना लेझर प्रिंटर आहे. नागपूरच्या एका कारखान्यात, चाचणीच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. इथवर मला आणलं अहेरीच्या तहसीननं.

माझ्या पोटात लोखंडाचा एक जाड रूळ आहे आणि त्या रुळात एक दिवा. कागदावर काळी भुकटी पडते, गरम रूळ ती भाजतो, मग अक्षरं पक्की होतात. मला घडवणाऱ्यांना एकच ध्यास होता. बटण दाबलं की पान लगेच बाहेर पडलं पाहिजे. म्हणून माझा रूळ दिवसभर तापलेलाच राही, मग कोणी काही छापो वा न छापो. त्या तापण्याला किती वीज लागते, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

सुरुवातीची वर्षं मुंबईच्या एका थंडगार कार्यालयात गेली. तिथं नवं यंत्र आलं आणि १९९७ साली मला अहेरीच्या एका धर्मादाय दवाखान्याला देऊन टाकलं. तिथले कारकून रामाजी यांनी मला हार घातला. पहिलं पान हातात धरून ते म्हणाले, "आपला दवाखाना आता शहरावानी झाला!" माझी छाती फुगली.

तहसीन तिथं कॉम्प्युटरचं काम पाहायची. चंद्रपूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलेली. तिचे वडील हाफिजभाई बाजारात रेडिओ आणि पंप दुरुस्त करत. माझं पोट उघडून धूळ पुसणारी ती पहिलीच.

अहेरीला वीज जंगलातून येते. वादळात एखादा साग तारांवर कोसळला की दोन-दोन दिवस अंधार. तेव्हा सारा भार बॅटऱ्यांवर. त्यांच्यावर दोन दिवे, कॉम्प्युटर, लसींचा फ्रिज आणि मी.

१९९९ च्या उन्हाळ्यात असंच वादळ आलं. जिल्ह्याला अहवाल पाठवायचा होता, म्हणून रामाजी थोडं थोडं छापत राहिले. दोन पानांच्या मधल्या वेळातही मी तापतच होतो. माझा दिवा लागला की खोलीतले दिवे मंद होत. दुसऱ्या दिवशी दुपारी बॅटऱ्या संपल्या. फ्रिज बंद पडला. डॉक्टर कमलाबाईंनी लसींच्या कुप्या हातात घेऊन पाहिल्या. त्या कोमट झाल्या होत्या. त्यांनी त्या टाकून दिल्या.

तेवढ्यात एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावाहून बुधरी आली. पाठीवर तान्हं बाळ, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ.

"लस खराब झाली बाई. पुढच्या हप्त्यात या," कमलाबाई म्हणाल्या.

"पुढच्या हप्त्यात तेंदूचा फड लागते. पानं तोडू का इथी येऊ?" एवढं बोलून बुधरी बाळाला घेऊन परत फिरली.

कमलाबाईंनी चंद्रपूरहून नवी लस मागवली आणि बर्फाच्या डब्यातून ती स्वतः फडावर नेऊन बाळाला टोचली. पण त्या दुपारी रामाजींचा पारा चढला होता. "या राक्षसाले बाहेर काढा! हातानं लिहू आपण."

तहसीन बुधरी गेली त्या वाटेकडं पाहत होती. ती म्हणाली, "त्याच्यावर काऊन रागावता भाऊ? त्याले झोपणंच शिकवलं नाई कोणी. मी शिकवते."

तिनं मला हाफिजभाईंच्या दुकानात नेलं. ते जरा कचरले. "बेटा, कंपनीनं विचार करूनच बनवलं असन ना?"

"केला ना विचार, अब्बा. पण जिथं लाईट जातच नाई, अशा गावाचा केला."

काम नसताना दिवा विझवणारी सर्किटची एक छोटी पट्टी तिनं मला बसवली. मी पहिल्यांदाच थंड झालो. पण जाग आल्यावर रूळ पुरेसा तापेना. रामाजी कुरकुरले, "बाई, अक्षरं माह्या बाहीले लागून राह्यली!" तिनं आच वाढवली, तर कागद करपले, दुकानात धूर झाला आणि माझा एक भाग जळून गेला. मला वाटलं, आता आपली रवानगी भंगारात. तिनं नागपूरहून तो भाग मागवला आणि पुन्हा कामाला लागली. या खेपेला दिव्याला सारी वीज एकदम न देता हळूहळू दिली. अक्षरं पक्की बसली, खोलीतले दिवेही मंद झाले नाहीत.

आता पहिल्या पानाला वेळ लागे. "चहा पिऊन येतो तरी पान येत नाई," रामाजी म्हणत.

"मग आणखी एक कप घ्या भाऊ. फ्रिज तर चालू आहे!"

पुढच्या पावसाळ्यात लाईन दोन दिवस गेली, तेव्हा फ्रिज एकदाही थांबला नाही. रामाजींनी त्यानंतर तक्रार केली नाही.

तहसीनचं मात्र समाधान झालं नव्हतं. दवाखान्याची परवानगी काढून ती मला घेऊन या कारखान्यात आली. इथं प्रिंटर तयार होतात. मालकांनी माझं पान येईपर्यंत वाट पाहिली आणि मान हलवली. "मॅडम, गिऱ्हाईक एवढं थांबत नाही."

ती चिडली नाही. त्यांचं म्हणणं तिला पटलं होतं. रात्रभर विचार करून ती सकाळी मालकांसमोर उभी राहिली. "याचा रूळ जाड आहे. तापायला वेळ लागते, म्हणून तापवूनच ठेवावा लागते. पातळ केला तर? कागद आला की तापेल, गेला की निवेल." मालकांनी तिला नोकरी, एक कोपरा आणि थोडं सामान दिलं.

पातळ रूळ चिरायचे, कागदाला सुरकुत्या पडायच्या. दोन वर्षं तसंच चाललं. नोकरी सोडून घरी ये, असं हाफिजभाईंनी फोनवर सुचवलं. ती म्हणाली, "अब्बा, चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर पाहिला ना तुम्ही? इथी एक मशीन उगाच तापते, तेव्हा तिथी कोळसा जळते. अशी हजारो मशीनं आहेत. मी येत नाई." हाफिजभाईंनी विचारलं, "धातू कोणता वापरून राह्यली?" त्यानंतर ते दर आठवड्याला नवी युक्ती सांगू लागले.

२००३ साली नवा प्रिंटर तयार झाला. तो पान चटकन देतो आणि काम संपताच निवतो. त्यातला एक अहेरीच्या दवाखान्यात गेला.

आणि मी? माझं कामही ठरलेलं आहे. नवा नमुना आला की त्याला माझ्या शेजारी ठेवतात, दोघांना मीटर लावतात आणि सारखीच पानं छापायला देतात. तहसीनचा दंडक आहे, याच्यापेक्षा पुष्कळ कमी वीज खाल्ली तरच पुढं जायचं. दर वेळी मी हरतो. हरण्यात एवढा आनंद असतो, हे मला मुंबईत कधी कळलं नसतं.

मित्रांनो, काम नसतानाही एखादं यंत्र गरम लागलं, तर त्याला झोपू द्या. आम्हाला स्वतःहून ते जमत नाही. आणि उद्या तुम्ही यंत्रं घडवाल, तेव्हा ती ज्या गावात जाणार, ते गाव आधी एकदा पाहून या.

आज सकाळीही एक नवा नमुना आला होता. मी पुन्हा हरलो. तहसीननं मीटरचा आकडा पाहिला, हसली, माझ्या कोमट झाकणावरून हात फिरवला आणि माझं बटण बंद केलं.